सिरिलकाकांचं पाणी

खोर फक्कान,
गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

प्रिय इनेज बाय,

पत्र बघून चकित होशील. फोन असताना हा म्हातारा कागद का काळा करतोय? पण खोलीत आम्ही आठ जण, आणि मला एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून मी फोनवर ओरडून बोलतो. जे लिहायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. आमची स्टाफची व्हॅन सोमवारी आणि गुरुवारी दुबईच्या हेड ऑफिसला जाते. ड्रायव्हर फहद पेशावरचा, सज्जन माणूस. तो म्हणाला, "चाचा, अल बर्शा रास्ते में है, मैं दे दूँगा."

आमच्या कॅम्पमध्ये दोन आठवड्यांपासून माणसं आजारी पडताहेत. जुलाब, उलट्या, ताप. दीडशेपैकी एक्केचाळीस जण झाले. सगळे बंदरावर काम करणारे, उन्हात दिवसभर राबणारे, त्यात पोटात पाणी ठरत नाही. आणि बोट कोणाकडे? किचनकडे. म्हणजे माझ्याकडे.

सव्वीस वर्षं मी इथे जेवण बनवतो, बाय. तुझ्या डॅडींना विचारता आलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, नंदाखालच्या लग्नांमध्ये पाचशे माणसांचा स्वयंपाक मी एकट्याने उतरवलाय, कोणाला साधा ढेकर आंबट आला नाही. पण परवा संगमेश्वरचा तुकाराम माझ्यासमोर ताट तसंच ठेवून उठून गेला. तुकाराम! जो माझ्या हातच्या वरणाला "आईसारखं" म्हणतो.

कॅम्प बॉस म्हणतो, "सिरिल, सब बीमार, तू एकदम फिट. तू अलग खाना बनाता है अपने लिए?" मी काय बोलू? मी तेच खातो.

तू त्या लॅबमध्ये पाणी, अन्न तपासतेस ना? माझं जेवण तपास. खराब असेल तर मी स्वतः बॅग भरतो.

तुझा,
सिरिलकाका

---

अल बर्शा, दुबई,
७ सप्टेंबर

प्रिय सिरिलकाका,

तुमचं पत्र कॅमिलाने दारातच फोडलं. तिला मराठी वाचता येत नाही, पण शेवटी तुम्ही काढलेला क्रॉस बघून तिने विचारलं, "मम्मा, इज काका अ शेफ ऑर अ फादर?" मी म्हटलं, शेफ.

काका, जेवण शिजलेलं असतं. उकळत्या डाळीत जंतू टिकत नाहीत. मला आधी पाण्याचा संशय येतोय. तुमच्याकडे पाच गॅलनच्या बाटल्या येतात ना? त्या कंपनीच्या सीलबंद की रिफिलच्या, म्हणजे रिकाम्या नेऊन दुकानात पुन्हा भरून आणलेल्या? रिफिल चांगली असू शकते. पण बाटली आतून नीट धुतली नाही, जुनंच झाकण परत लावलं, तर भरणाऱ्याचं पाणी कितीही शुद्ध असो, उपयोग नाही.

सोबत एक निर्जंतुक बाटली आणि थर्मोकोलचा डबा पाठवतेय. जेवणाच्या हॉलमधल्या कूलरच्या नळाचं पाणी भरा. बाटलीच्या तोंडाला आतून हात लावू नका. डब्यात बर्फ भरा आणि त्याच दिवशी फहदभाईंबरोबर पाठवा. आमच्या सीनियर नबिला मॅडम, सुदानच्या आहेत, त्यांचं एकच म्हणणं: "नो आइस, नो रिझल्ट." त्यांनी ही एक टेस्ट लॅबच्या खात्यावर करायला परवानगी दिलीय.

काळजी करू नका. गुरुवारी मिळालं तर शनिवारपर्यंत कळेल.

तुमची,
इनेज

---

खोर फक्कान,
११ सप्टेंबर

इनेज बाय,

सोबत पाणी. बर्फ डबा भरून टाकलाय, फहदला सांगितलंय की रस्त्यात चहाला थांबायचं नाही. हो, बाटल्या रिफिलच्याच आहेत. आधी कंपनीच्या यायच्या. जुलैपासून दुकान बदललं, सहा दिरहॅमला बाटली, म्हणजे आपले जवळजवळ दीडशे रुपये. आधीपेक्षा स्वस्त म्हणून.

तू काळजी करू नकोस, तुझ्या लॅबमध्ये माझी मान खाली जाईल असं काही पाठवलेलं नाही. सगळं एकदम स्वच्छ करून दिलंय.

तुकारामला काल दवाखान्यात ठेवला. सलाईन लावलंय.

सिरिलकाका

---

अल बर्शा,
१४ सप्टेंबर

प्रिय सिरिलकाका,

रिझल्ट आला. पाण्यात काहीच नाही. कोलिफॉर्म शून्य, ई. कोलाय शून्य, इतर जंतूही शून्य. पाणी स्वच्छ आहे.

आता जे लिहितेय त्याचा राग मानू नका. पाणी नाही म्हटल्यावर किचनकडेच बघावं लागेल. मागच्या महिन्यात तुम्ही फोनवर म्हणाला होतात की बोट कापलंय, पट्टी बांधलीय. ती जखम भरली का? पोळ्या लाटताना, कोशिंबीर कालवताना हातमोजे घालता का? कोशिंबीर कशाने धुता? शिजलेला भात किती वेळ बाहेर राहतो? खरं खरं सांगा. मी तुमची पुतणी आहे, इन्स्पेक्टर नाही. पण एक्केचाळीस माणसं आजारी आहेत, काका.

तुमची,
इनेज

---

खोर फक्कान,
१८ सप्टेंबर

इनेज,

जखम भरली. मोजे घालतो. कोशिंबीर व्हिनेगरच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवतो. भात बाहेर राहत नाही, कारण उरत नाही.

काल कॅम्प बॉसने कागद दिला. तीस तारखेपर्यंत आणखी कोणी आजारी पडलं तर माझा व्हिसा कॅन्सल, तिकीट कंपनी देणार. मी सही केली, कागद माझ्यापाशीच आहे. तुझंही तेच मत आहे, मग वाद कशाला घालू?

आजारी आता अठ्ठावन्न.

सिरिल

---

अल बर्शा,
२२ सप्टेंबर

प्रिय सिरिलकाका,

तुमच्या पत्राखाली "काका" नव्हतं. ते मी दहा वेळा बघितलं.

मी चुकले. नीट ऐका, काय झालं ते सांगते.

तुमचा रिपोर्ट सहीसाठी नबिला मॅडमच्या टेबलावर पडून होता. त्या आठवडाभर अबूधाबीला होत्या. त्यांची सही व्हायच्या आधीच मी तुम्हाला लिहून मोकळी झाले, हा पहिला गुन्हा. आज सकाळी त्यांनी कागद हातात घेतला आणि चष्मा वर केला. म्हणाल्या, "इनेज, सप्टेंबर महिना, लेबर कॅम्प, दीडशे माणसांचा कूलर, आणि एकही जंतू नाही? एकही? माझ्या स्वतःच्या किचनमध्ये एवढं स्वच्छ पाणी येत नाही. हे पाणी शुद्ध नाही. ह्यात जंतूंना मारलंय कोणीतरी."

सँपलची बाटली फ्रीजमध्ये अजून होती. मॅडमनी झाकण काढून माझ्या नाकाखाली धरली. काका, ब्लीचचा वास आला.

तुम्ही "स्वच्छ करून दिलंय" लिहिलं होतंत. ते वाक्य माझ्या समोर होतं आणि मी वाचून पुढे गेले. तुम्ही ती बाटली ब्लीचने धुतलीत का? आत तळाशी थोडी पांढरी पूड होती, ती बघून? ती पूड घाण नव्हती. पाण्यात क्लोरीन असलं तर ते निष्क्रिय करण्यासाठी आम्हीच ती घालतो. हे मी लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही, आणि वर तुमच्या हातांबद्दल विचारलं.

माफ करा. आणि हार मानू नका. आता दोन गोष्टी हव्यात.

एक, जे आजारी पडले आणि जे पडले नाहीत, ते काय पितात ते विचारा. जेवण सगळ्यांचं सारखंच आहे, हे विसरू नका.

दोन, ह्या वेळी सँपल लॅबच्या माणसानेच घ्यायला हवं, कॅम्प बॉससमोर, सही करून. नाहीतर तो रिपोर्ट मानणार नाही. त्याची परवानगी तुम्हाला काढावी लागेल. मिळाली की मी स्वतः येते.

तुमचीच पुतणी,
इनेज

---

खोर फक्कान,
२५ सप्टेंबर

प्रिय इनेज बाय,

हो, मीच धुतली. बाटलीत पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसलं. मी म्हटलं, माझ्या पुतणीच्या लॅबमध्ये घाणेरडी बाटली पाठवू? गरम पाणी आणि ब्लीच, दोनदा. फहदसमोर उन्हात धरून बघितली. काचेसारखी चमकत होती! आणि त्या चमकेने माझीच नोकरी जायची वेळ आणली. तुझं पत्र वाचून मी स्टोअररूममध्ये बसून हसलो की रडलो, मलाच कळलं नाही. माफी मागू नकोस. मीही वाकडं लिहिलं होतं.

आता ऐक. तू सांगितल्याप्रमाणे मी खोल्याखोल्यांतून फिरलो. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नावं लिहिली. आजारी आता त्रेसष्ट, सगळे कूलरचं पाणी पिणारे. एकही अपवाद नाही. आणि जे ठणठणीत आहेत त्यांच्यात ऑफिसचे सात जण, ते छोट्या सीलबंद बाटल्या पितात. जालन्याचा समाधान आणि त्याचे तीन जोडीदार, ते दिवसभर बिनदुधाचा सुलेमानी चहा पितात, थर्मास घेऊनच फिरतात. आणि मी. बाय, मी पाणी पितो कुठे? सकाळपासून चहा, तोही उकळलेला. कॅम्प बॉस म्हणत होता ना, तू फिट कसा? त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच कपात होतं.

मग काल संध्याकाळी सातला, हॉल भरलेला असताना, मी काउंटरवर मोठ्या पातेल्यावर डाव वाजवला. आयुष्यात कधी भाषण केलं नाही. हिंदीत बोललो. म्हटलं, "भाईयों, मेरा खाना खराब है तो मैं तीस तारीख को जाता हूँ, टिकट भी नहीं माँगूँगा. लेकिन एक बार पानी चेक होने दो. लॅबवाला आएगा, सबके सामने लेगा."

कॅम्प बॉस टेबलावरून उठला. म्हणाला, "पानी चेक हो गया, सिरिल. तेरी भतीजी ने किया. झीरो आया. तू ही बोला था." ते त्याला मीच सांगितलं होतं, तुझं ते शून्याचं पत्र आल्यावर, रागात.

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "झीरो आया क्योंकि बोतल मैंने ब्लीच से धोया. गलती मेरा." कोणीतरी हसलं. मला वाटलं, संपलं. खलास.

तेवढ्यात समाधान उभा राहिला. तो कधी बोलत नाही, जेवतो आणि जातो. मराठीतच बोलला. "काकाला स्वतःची चूक एवढ्या माणसांत सांगता येते. मग त्याच्या जेवणाची चूक असती तर तीही सांगितली असती. पाणी तपासा." असं म्हणून त्याने हात वर केला. मग त्याचे तिघे. मग मागच्या बाकावरचे नेपाळी. मग केरळवाले. बाय, मी मोजले नाहीत. हॉलभर हात.

कॅम्प बॉस पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हात बघत गेला. मग म्हणाला, "ठीक है. मंडे. मेरे सामने. रिपोर्ट आने तक तू यहीं रहेगा." आणि जाताना ग्लास भरायला कूलरपाशी गेला, थांबला, आणि रिकामा ग्लास परत ठेवला.

सोमवारी ये.

तुझा सिरिलकाका

---

अल बर्शा,
२ ऑक्टोबर

प्रिय सिरिलकाका,

सोमवारी तुमच्याशी नीट बोलताही आलं नाही. कॅम्प बॉस माझ्या प्रत्येक हातमोज्याचा फोटो काढत होता. पण तुम्ही हॉलच्या दाराशी पांढऱ्या टोपीत उभे होता आणि एक शब्द बोलला नाहीत, ते मी बघितलं. तुम्हाला गप्प राहणं किती जड गेलं असेल!

सही झालेला रिपोर्ट ह्या पाकिटात आहे. मॅडमनी दोनदा तपासून सही केलीय. एक प्रत कंपनीच्या हेड ऑफिसला मेल झालीय, आणि तिथून आजच पालिकेला जाणार आहे. पण आकड्यांआधी साध्या शब्दांत सांगते.

तुमच्या किचनच्या नळाचं पाणी: काही नाही. ह्या वेळी खरोखर काही नाही, आणि ब्लीचही नाही. तुम्ही स्वयंपाक ह्याच पाण्याने करता.

तुमची तयार डाळ, भात, कोशिंबीर: सगळं मर्यादेच्या आत. मॅडमनी कोशिंबिरीचा आकडा बघून विचारलं, "हा माणूस कुठल्या हॉटेलात होता?"

न उघडलेली रिफिलची बाटली, दुकानातून आली तशी: शंभर मिलिलिटरमध्ये चौऱ्याऐंशी कोलिफॉर्म, त्यातले एकोणीस ई. कोलाय. असायला हवेत शून्य. ई. कोलाय म्हणजे मैल्याचा संपर्क, काका. गुळगुळीत भाषा वापरत नाही.

कूलरचा नळ: मोजता येत नाहीत एवढे.

बुधवारी सकाळी मी इन्क्युबेटर उघडला, म्हणजे पाण्यातले जंतू प्लेटवर वाढवायचं उबदार कपाट. कूलरची प्लेट गुलाबी आणि निळ्या ठिपक्यांनी भरली होती, बोट ठेवायला जागा नाही. शेजारी तुमच्या किचनची प्लेट, कोरी. मी दोन्ही प्लेट हातात घेऊन तशीच उभी राहिले. मागून मॅडम आल्या, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "गो. कॉल युअर अंकल." मी म्हटलं, ते फोनवर ओरडतात. त्या म्हणाल्या, "लेट हिम शाउट."

पण मी फोन केला नाही. मागच्या वेळी सहीआधी सांगितलं होतं. ह्या वेळी सही झाल्यावरच सांगतेय. तुमच्या हातात कागद हवा, आणि तो तुम्ही सगळ्यांसमोर वाचायला हवा.

आणखी एक. तुम्ही सोमवारी दिलेलं ते नावांचं कॅलेंडर मी रिपोर्टला जोडलंय. मॅडम म्हणाल्या, एवढी स्वच्छ नोंद त्यांच्याकडे पदवीवाले आणत नाहीत. आता ओरडा, काका.

तुमची,
इनेज

---

खोर फक्कान,
९ ऑक्टोबर

प्रिय इनेज बाय,

ओरडलो! फहदने पाकीट दिलं आणि मी पार्किंगमध्येच असा ओरडलो की गेटवरचा वॉचमन पळत आला, त्याला वाटलं कोणाला साप चावला.

आता क्रमाने सांगतो. गुरुवारी संध्याकाळी रिपोर्ट मी वाचणार होतो, पण इंग्रजी आकडे बघून पहिल्याच ओळीवर अडखळलो. कॅम्प बॉसने कागद माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, दाबतोय. पण त्याने स्वतः काउंटरवर उभा राहून वाचला, ओळ न् ओळ. "किचन का पानी, झीरो. दाल, पास. चावल, पास. सलाद, पास." प्रत्येक "पास"ला टेबलं वाजली. मग बाटलीचा आकडा वाचला, आणि टेबलं वाजायची थांबली. मग कूलरचा. त्यावर तो थांबला आणि म्हणाला, "यह दुकान मैंने बदला था, जुलाई में. सस्ता देखा. सिरिल, वो कागज़ वापस दे." मी सही केलेला कागद दिला. त्याने तो सगळ्यांसमोर फाडला. बाय, मोठ्या माणसाने चूक कबूल केली की त्याचा राग धरता येत नाही. मी त्याला चहा दिला.

शुक्रवारी सकाळी बाटल्या गेल्या. एकशे दहा बाटल्या, पोरांनी रांग करून हातोहात गेटबाहेर काढल्या, आणि रांगेत गाणी म्हणत होते, तीन भाषांत. कूलर उघडून धुतले. आता सीलबंद कंपनीचं पाणी येतं, आणि किचनला मोठा फिल्टर बसवतायत. शनिवारी पालिकेची गाडी त्या दुकानापाशी दिसली. समाधान बघून आला. आत बाटल्या धुवायला एकच प्लास्टिकचं पिंप होतं, त्यातलं पाणी कधी बदलत होते देव जाणे. दुकानाला सील लागलं. तिथून पाणी घेणारे आणखी सहा कॅम्प होते.

आणि तुकाराम आला. काल दुपारी, सोळा किलो वजन उतरलेला, पँट दोरीने बांधलेली. सरळ काउंटरवर आला. मी ताट वाढलं. त्याने ताट घेतलं नाही, आधी माझे दोन्ही हात धरले, आणि तसेच कपाळाला लावले. मी म्हटलं, "अरे, वरण गार होईल." तो म्हणाला, "होऊ दे काका. मी दुसऱ्यांदा मागणार आहे." तीनदा मागितलं. नवीन आजारी: तीन तारखेपासून एकही नाही.

तुझा काका

---

अल बर्शा,
१९ ऑक्टोबर

प्रिय सिरिलकाका,

तुमचं पत्र मी लॅबमध्ये मोठ्याने वाचलं, इंग्रजीत करून. तुकारामने तुमचे हात धरले तिथे आले, तेव्हा नबिला मॅडमनी टिश्यू मागितला आणि म्हणाल्या, एसीची धूळ.

तुमच्या पत्रातल्या त्या सहा कॅम्पचं मी मॅडमना सांगितलं. त्यांनी मॅनेजमेंटशी बोलणं केलं. महिन्यातून एका सोमवारी आमची लॅब पूर्व किनाऱ्यावरच्या कॅम्पांची पाण्याची सँपल मोफत तपासणार. पण दर वेळी तिकडे येऊन सँपल घ्यायला आमच्याकडे माणूस नाही. तिथलाच कोणीतरी प्रशिक्षित माणूस हवा. एक दिवसाचा कोर्स आहे, लॅबमध्ये, परीक्षेसह. मी तुमचं नाव दिलंय. गुरुवारी फहदभाईंबरोबर या. कॅमिलाला शेफ बघायचाय.

तुमची,
इनेज

---

खोर फक्कान,
२७ ऑक्टोबर

प्रिय इनेज बाय,

तुला तोंडी सांगता आलं असतं, पण गुरुवारी परीक्षा संपली तेव्हा फहद खाली हॉर्न वाजवत होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिली परीक्षा पास झालो. शाळेतलीही झालो नव्हतो. मॅडमनी मला बाटली देऊन विचारलं, "व्हॉट इज दिस व्हाइट पावडर, मिस्टर सिरिल?" आणि सगळ्या लॅबने माना वळवल्या. मी म्हटलं, "मॅडम, दिस इज माय बेस्ट फ्रेंड. डोंट टच." त्या एवढ्या हसल्या की त्यांना खुर्ची लागली. माझ्या फोटोचं कार्ड आता किचनमध्ये मसाल्याच्या फळीवर, मरियाबाईच्या चित्राशेजारी लावलंय. कॅम्प बॉस येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो, जणू त्याचाच मुलगा पास झालाय.

आज सकाळी नाश्ता उरकून मी हॉलचं दार उघडलं. बाय, बाहेर माणसं उभी होती. शेजारच्या कॅम्पचे, डोंगराकडच्या कॅम्पचे, दोन मासेमारीच्या बोटींवरचे, आणि एक बाई, लहान मुलांच्या नर्सरीत काम करणारी. तिच्या हातात शाळेतल्या कूलरचं पाणी होतं, साध्या बाटलीत भरलेलं. मी तिला म्हटलं, "ताई, असं चालत नाही, मी स्वतः येतो भरायला." सगळ्यांना एकच विचारायचं होतं: आमचं पाणी बघाल का?

तुकाराम आत्ता दाराशी वही घेऊन बसलाय, नावं आणि पत्ते लिहून घेतोय. समाधानने टेबल मांडलंय. कॅम्प बॉस उन्हात उभा राहून ओरडतोय, "यल्ला, लाइन में, लाइन में!" फहद व्हॅन सुरू करून थांबलाय, हे पत्र मिळेपर्यंत हलणार नाही म्हणतो.

तू गुरुवारी दिलेल्या बाराही बाटल्यांवर पहिल्या पंधरा मिनिटांत नावं पडली.

चाळीस पाठव.

तुझा,
सिरिलकाका